गेटवे ते कुलाबा किल्ला: ओहोटी विचारून निघू नका, तिथी बघून निघा

मुंबईहून बोटीने एका दिवसात अलिबाग आणि तिथल्या समुद्रातला, ओहोटीत पायी जायचा कुलाबा किल्ला होतो का? होतो. पण कुठल्याही रविवारी होत नाही. आम्हाला निघण्यापूर्वी तीन जणांनी सांगितलं होतं, "दुपारी एकला ओहोटी आहे, आरामात चालत जाल." वेळ बरोबर होती, पण पाणी मांडीपर्यंत होतं. चूक वेळेची नव्हती, तिथीची होती. ती नवमी होती.

हे नीट समजून घ्या, कारण सगळी सहल यावर उभी आहे. भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे साधारण तीनला भरती, आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सव्वानऊच्या सुमारास. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. हिशेब शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना लागू. इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढचं कोणी सांगत नाही: पाणी किती हटणार, हे वेळेवरून कळत नाही. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे तीन-चार दिवस उधाणाचे. तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमी ते दशमी भांगाचे दिवस. कोळीवाड्यात कोणालाही विचारा, भांगात पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही.

आता दोन्ही एकत्र ठेवा म्हणजे फसगत कळेल. भर दुपारी, जेवणाच्या आसपास, मुंबईकराला सोयीची असते ती ओहोटी नेमकी भांगातच येते. उधाणाची खोल ओहोटी येते ती पहाटे-सकाळी नाहीतर संध्याकाळी. म्हणजे जी वेळ सोयीची, ती ओहोटी कामाची नाही.

आमचा स्पष्ट कौल: चतुर्थी किंवा पंचमी धरा. ओहोटी सकाळी सव्वानऊ ते दहा, आणि उधाणाचा जोर अजून शिल्लक असतो. षष्ठी चालेल. द्वादशी-त्रयोदशीला ओहोटी दुपारी तीन-चारला येते, पण पाणी चतुर्थीइतकं हटत नाही आणि परतीची बोट डोक्यावर असते. अष्टमी, नवमी, दशमीला किल्ला हेच कारण असेल तर जाऊ नका. पाऊणपटीचा हिशेब अंदाजाला ठीक, खात्रीसाठी मुंबईचा भरती-ओहोटीचा तक्ता उघडा आणि वेळेशेजारचा मीटरचा आकडा वाचा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. आकडा एकाच्या आत असेल तर निर्धास्त निघा. दीडच्या वर असेल तर बेत बदला.

संकष्टीला किंवा माघी गणेश जयंतीला गेलात तर तिथी चतुर्थीच असल्याने पाणी साथ देतं, पण किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाला गर्दी असते. पंचमी त्यापेक्षा बरी.

बोटीचं थोडक्यात सांगतो, तिथे अडायला फार काही नाही. गेटवेहून सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक पकडा. मांडव्याला तासाभरात पोचता, पुढे अलिबागपर्यंत साधारण पाऊण तासाची बस, आणि तिचे पैसे बोटीच्या तिकिटातच असतात. म्हणून तिकीट फेकू नका, बसमध्ये दाखवावं लागतं. एका कंपनीचं तिकीट दुसरीच्या बसला चालत नाही. धक्क्यावर उतरल्यावर पुढे गेलेल्यांना बसची जागा मिळते, फोटो काढत राहिलेले उभे राहतात. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरची रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) हवामान साथ देईल तेव्हा चालते, पण पावसाळ्यात किल्ल्याकडे पायी जायचा विचारच नको.

किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं. सुरुवातीची वाळू घट्ट आणि सोपी. मधला खडकाळ पट्टा वाईट. तिथे हिरवं शेवाळ आहे, आणि ज्या खडकांवर शेवाळ नाही तिथे कालवांची फुटकी शिंपलं आहेत, ब्लेडसारखी. अनवाणी जाऊ नका. रबरी चप्पल चिखलात निघून येते. मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा भिजले तरी चालतील असे बूट हवेत. शेवाळावर टाच न टेकता पूर्ण पाऊल सपाट टाका, आणि हात मोकळे ठेवा. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, बॅगेत वर.

ओहोटीच्या वेळेच्या तास-दीड तास आधी निघा आणि वेळेनंतर तासाभरात परतीला लागा. कारण पाणी एकसारखं चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम बाराव्या हिश्शाने वाढतं, तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं भरतं. पहिल्या तासात काही झालं नाही म्हणून किल्ल्यात रेंगाळलेले लोकच अडकतात.

घोडागाडीचं भांडण इथलं नेहमीचं. गाडी वाईट नाही, वयस्कर माणसांना तीच बरी. पण सांगितलेला आकडा माणशी की गाडीचा, जाण्याचा की येऊन-जाऊन, हे चढण्यापूर्वी मोठ्याने विचारा. आम्हाला "येऊन-जाऊन" सांगून किल्ल्यापाशी उतरवलं आणि परतताना पाणी चढू लागल्यावर नवा आकडा काढला. तेव्हा घासाघीस करायला कोणाचे पाय कोरडे नव्हते. सगळे पैसे परत किनाऱ्यावर उतरल्यावरच द्या, आणि गाडी किती वेळ थांबणार तेही ठरवा.

आत तासभर पुरतो. १६८० साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला आणि संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झालेला हा किल्ला पुढे आंग्र्यांचा झाला. तटाजवळ थांबून दगडांच्या सांध्यात बघा. मोठे चिरे नुसते एकावर एक रचले आहेत, मध्ये चुना नाही. लाट फटींत शिरते आणि तिचा जोर आतच जिरतो. सिद्धिविनायकाचं मंदिर १७५९ चं, राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत. हात फिरवलात तर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव बोटांना लागतं. चारही बाजूंना खारं पाणी, पण आतल्या विहिरीचं पाणी गोड आहे. प्यायचं पाणी मात्र सोबत न्या.

गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी बघाच. १७२९ ला गेलेल्या या सरखेलाच्या, म्हणजे मराठी आरमारप्रमुखाच्या, समाधीपर्यंत किल्ला करून दमलेले बरेच लोक पोचत नाहीत, ही खंत वाटते. चुंबकीय वेधशाळा बाहेरूनच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेच्या नोंदी बिघडणार, म्हणून ती १९०४ मध्ये इथे आली.

पांढरा कांदा घ्यायचा तर वेणीसारख्या गुंफलेल्या माळेतला, चपट्या आकाराचा घ्या. एक कापून चाखायला मागा. डोळ्यांत पाणी आलं तर तो अलिबागचा नव्हे.

परतीला मांडव्याच्या बोटीच्या दीड तास आधी अलिबाग सोडा, रविवारी दोन तास. चोंढी-किहीमच्या रस्त्यावर संध्याकाळी गाड्या रांगेत उभ्या असतात, आणि बस अडकली म्हणून बोट थांबेलच असं धरू नका. शेवटची बोट किती वाजता, हे सकाळी तिकीट काढतानाच विचारून तिकिटाच्या मागे लिहा. ती चुकली तर भाऊच्या धक्क्याची रो-रो बघा, तीही नसेल तर अलिबाग स्थानकातून वडखळमार्गे पनवेलची एसटी.