तंबोरा पाठवायचाय? आधी पावती वाचा

मिरजेहून तंबोरा बाहेरगावी पाठवताना मी भाड्याच्या आधी एकच विचारतो, "माल कुणाच्या जोखमीवर?" पावतीवर बारीक अक्षरांत 'ओनर्स रिस्क', म्हणजे मालकाची जोखीम, असं असलं की भोपळा तडकला तरी हाती फारसं काही लागत नाही. 'कॅरियर रिस्क'ला, म्हणजे जोखीम वाहतूक कंपनीची असली तर, मालाच्या किमतीवर जादा आकार पडतो. तो मी मुकाट देतो.

वजनाचं गणित तर अजबच, ते पेटीच्या आकारमानावरून धरतात. 150 बाय 50 बाय 45 सेंटिमीटरची पेटी, भागिले 5000, म्हणजे साडेसदुसष्ट किलो! आत निम्मी हवा, तिचंही भाडं.

गेल्या पावसाळ्यात बंगळुरूला पाठवलेल्या तंबोऱ्याचा भोपळा फुटला. तो घेणाऱ्या ताईंना फोनवर म्हटलं, "सही करण्याआधी पावतीवर 'माल फुटलेला' असं लिहा, पेटी टाकू नका." पेटी घेऊन आलेला पोरगा कुरकुरला, पण थांबला. भरपाई मागितली, तर वाहतूक कंपनीचं ठरलेलं उत्तर आलं: पॅकिंग अपुरं. मी पेटी बंद करण्याआधीचे फोटो धाडले. सैल केलेल्या तारा, भोपळ्याभोवतीचा फोम, सगळं त्यात होतं. बिलाची प्रतही जोडली. मग नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला. बऱ्याच ईमेलांनंतर दुरुस्तीपुरते पैसे मिळाले, जाण्यायेण्याचं भाडं मात्र नाहीच. त्यावर भांडण अजून चालू आहे.