चेंबर उघडं नव्हतं, वर आलं होतं

डिसेंबरातली रात्र, साडेदहा वाजले असतील. ठाण्यातच आईकडे डबा पोचवून स्कूटरवरून घरी येत होते. डांबरीकरणासाठी रस्ता खरवडून ठेवलेला, पण चेंबरांची झाकणं जुन्याच उंचीवर. दिवे बंद, बॅरिकेड नाही, लाल फडकं बांधलेली काठीसुद्धा नाही. पुढचं चाक झाकणाच्या कडेला आपटलं आणि मी उजव्या हातावर पडले. मनगट मोडलं, प्लेट बसवावी लागली. रस्त्याचं आणि कार्यालयाचं नाव लिहीत नाही, दावा अजून चालू आहे.

शहाणपण सुचलं ते मला नाही, वडापावच्या गाडीवरच्या काकांना. त्यांनी चेंबरशेजारी पाण्याची बाटली आडवी ठेवून फोटो काढले. बाटली झाकणाच्या वर आली नव्हती. तिसऱ्या रात्री तिथे डांबर पडलं. आम्ही ऑनलाइन तक्रार केली होती ना! तक्रारीने रस्ता झाला आणि पुरावा त्याखाली गेला.

सगळ्यात जास्त हेलपाटे मात्र एका वाक्यामुळे पडले. कॅज्युअल्टीत घाबरलेल्या नवऱ्याने सांगितलं, "गाडीवरून घसरून पडली." केसपेपरवर तेच उतरलं. रस्त्याचा उल्लेख नाही, एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंदही नाही. पुढे जो तो त्याच ओळीवर बोट ठेवायचा. ती दुरुस्त करून घ्यायला चार खेपा झाल्या, तेही काकांचा लेखी जबाब जोडल्यावर. पोलीस ठाण्यात हवालदार सरळ म्हणाले, "ताई, तक्रार कोणाविरुद्ध लिहू? रस्त्याविरुद्ध?" नोंद मात्र त्यांनी घेतली आणि प्रतही दिली.

कोणाविरुद्ध, हाच खरा प्रश्न होता. माहिती अधिकारात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला. 30 दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आलं, सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. ज्यांचा म्हणून सांगितलं, त्यांनी परत पहिल्यांकडे बोट दाखवलं. मग 20 रुपयांचं पहिलं अपील. तेव्हा कुठे ठेकेदाराला दिलेला कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा आदेश, आणि करारनामा हातात पडला. रात्री दिवे आणि अडथळे लावण्याची जबाबदारी ठेकेदाराची, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. देखरेख कोणी करायची तेही.

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. शहरात रक्कम ठरवणाऱ्या समितीत महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. दावा केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर 9 टक्के व्याज. हे मला प्राधिकरणाच्या कार्यालयात समजलं. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच आहे. बाईला तिथे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. मी हे माहीत नसताना एका खासगी वकिलाला दोन हजार देऊन बसले होते, असो.

दावा दाखल झाला. बोलावणं आलं तेव्हा समोरच्या अभियंत्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, "मॅडम, आदेश खड्ड्यांसाठी आहे. हा खड्डा नाही. आणि मॅनहोल उघडं कुठे होतं? झाकण होतंच की."

"झाकण होतं. त्याच्या चारही बाजूंना काय होतं?"

"खरवडलेला पृष्ठभाग."

"किती खोल?"

ते गप्प. माझ्या वकीलबाईंनी काकांचा फोटो पुढे सरकवला. अभियंत्यांनी तो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला.

"ही बाटली अर्ध्या लिटरची की लिटरची?"

"लिटरची."

पुढच्या तारखेला तसलीच बाटली आणायला सांगितली आहे. सोबत मोजपट्टी मी आपण होऊनच नेणार आहे.