घड

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज पेशी एकमेकींना चिकटल्या. तीन आठवड्यांनी. हे आधी लिहून ठेवते, बाकीचं मग.

प्रयोग सांगायला सोपा आहे. फ्लास्कच्या तळाला धरून बसलेल्या पेशी सुट्या करायच्या, प्लेटच्या खळग्यांत घालायच्या आणि ३७ अंशांवर तासभर शेकरवर हळूहळू फिरत ठेवायच्या. ज्यांच्या अंगावर ई-कॅडहेरिन हे प्रथिन आहे, त्या फिरता फिरता एकमेकींना धरतात. ज्यांच्यातलं त्याचं जनुक मी निकामी केलंय, त्या सुट्या राहायला हव्यात. माझ्याकडे मात्र दोन्ही बाजूंना तेच दिसायचं: नीट भिजलेल्या साबुदाण्यासारखा मोकळा दाणा न् दाणा.

पहिला आठवडा मी पेशींवर संशय घेतला. दुसऱ्यात कॅल्शियमचं द्रावण नव्याने केलं, मीडिया, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते द्रव, बदलला. तिसऱ्यात झोप गेली. काल संध्याकाळी लॅबमधली ताई हूडपाशी येऊन म्हणाली, "ट्रिप्सिन कुठलं घेतेस गं?" ट्रिप्सिन म्हणजे प्रथिनं कापणारं विकर, पेशी तळापासून सुट्या करायला ते वापरतात. मी रोजची गुलाबी बाटली पुढे केली. तिने काही न बोलता लेबलावर बोट ठेवलं. ट्रिप्सिन-ईडीटीए.

पोटात खड्डा पडला. कारण हे मला माहीत होतं. कॅडहेरिनचा पेशीबाहेरचा भाग म्हणजे एकापुढे एक पाच तुकडे. तुकड्यांमधल्या प्रत्येक सांध्यात कॅल्शियमचे तीन आयन बसतात, आणि ते आहेत तोवर सगळी काठी ताठ असते. ट्रिप्सिनला ती सहज कापता येत नाही. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं, काठी लुळी पडते आणि ट्रिप्सिन तिचे तुकडे करतं. म्हणजे दर वेळी प्रयोग सुरू व्हायच्या आधी मीच माझ्या पेशींचे हात कापत होते. नवं कॅडहेरिन तयार व्हायला काही तास लागतात, आणि मी त्यांना एक तास देऊन निकाल लावत होते.

जपानी जीवशास्त्रज्ञ मासातोशी ताकेइचींच्या बाबतीत हेच झालं होतं. क्योटोहून ते बाल्टिमोरला कार्नेगी संस्थेच्या भ्रूणविज्ञान विभागात गेले, तर क्योटोत सहज चिकटणाऱ्या पेशी तिथे चिकटेनात. तिथल्या ट्रिप्सिनमध्ये ईडीटीए होतं. त्यांनी तो फरक सोडून दिला नाही, त्याच्याच मागे लागले. १९७७ मध्ये त्यावर शोधनिबंध आला, १९८४ मध्ये त्या रेणूला कॅडहेरिन हे नाव मिळालं. ही गोष्ट मी स्वतः सेमिनारमध्ये सांगितली आहे. सांगणं आणि स्वतःच्या हाताने बाटली उचलताना आठवणं यांत इतकं अंतर असतं, हे आज फार लागलं.

आज पेशी सोडवताना ईडीटीए नसलेलं ट्रिप्सिन घेतलं, त्यात कॅल्शियम घातलं. तासाभराने मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर मूळ पेशींचे घोस. दहा, वीस, कुठे पन्नास. एकीची कड दुसरीत मिसळलेली. जनुक काढलेल्या शेजारच्या खळग्यात अजूनही सगळ्या मोकळ्या. खरं तर मला हवं होतं ते हेच, पण त्या खळग्यावरून माझी नजर बराच वेळ हलली नाही.

तासगावच्या आत्याच्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये लोब्युलर कार्सिनोमा, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार, लिहिलं होतं आणि खाली एक ओळ, ई-कॅडहेरिन निगेटिव्ह. तेव्हा मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. घरात ती ओळ कळणारी मी एकटीच, आणि मलाही अर्धीच कळली. आत्या पुन्हा पुन्हा म्हणायची, "अगं, गाठ हाताला लागलीच नाही. नुसतं जाड जाड वाटायचं." या प्रकारात पेशी एकमेकींना धरत नाहीत, एकामागे एक रांगेने उतींमध्ये शिरतात. म्हणून पुष्कळदा गाठ अशी हाताला येत नाही, मॅमोग्राफीतही चुकू शकते. तिने हयगय केली नव्हती. हे मी तिला चार वेळा समजावलंय, तरी ती स्वतःला बोल लावतेच.

आता तिची तब्येत बरी आहे. रात्री तिला फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "हे तर द्राक्षाचे घड! कुठल्या बागेतले?" मी म्हटलं, माझ्या. मग दुसऱ्या खळग्याचाही पाठवला. जरा वेळाने तिने विचारलं, "आणि या मोकळ्या कुणाच्या गं?"

उत्तर अजून दिलेलं नाही. हे लिहून सांगण्यासारखं नाही, उद्या दुपारी फोन करेन. सकाळी आधी दोन फ्लास्क वाढायला लावायचेत. असंच आणखी दोनदा दिसल्याशिवाय सर मानणार नाहीत, आणि मीही.