आजीची ओवी आणि चौदा सेंट

आमची चाळ करी रोड स्टेशनला लागून, त्यामुळे रेकॉर्डिंगला वेळ एकच: पहाटे तीन. आजीला तेव्हा तशीही जाग येते. पंखा बंद केला, माइक उशीला टेकवून ठेवला आणि ती जात्यावरच्या ओव्या गायली. सलग अकरा.

मग त्यातल्या एका ओवीची चाल मी संगणकाला जोडलेल्या छोट्या मिडी कीबोर्डवर वाजवून पियानो रोलमध्ये, म्हणजे स्वर पट्ट्यांसारखे दाखवणाऱ्या जाळीत, घेतली. सवयीने क्वांटाइझ केलं. सगळे स्वर तालाच्या ठरलेल्या रेषांवर आपोआप जाऊन बसले, आणि ओवी गेली! आजी दुसऱ्या ओळीआधी श्वास घेते, तो थोडा उशीरच तर हवा होता. लगेच अनडू. चुकून दाबले गेलेले दोन स्वर तेवढे पुसले.

खरा वेळ गेला गंधारात. कीबोर्डचा शुद्ध गंधार सा-पासून 400 सेंटवर असतो (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). तंबोऱ्यातून कानावर येतो तो 386च्या आसपास, आणि आजीचा गंधार तिथेच लागतो. चौदा सेंटचा फरक, पण मला तो टोचत होता. पिचबेंडची, म्हणजे स्वर किंचित वर-खाली सरकवण्याच्या सोयीची, रेंज दोन सेमीटोन (200 सेंट) ठेवली तर एका बाजूला 8192 पायऱ्या मिळतात. म्हणून चौदा सेंट उतरवायला प्रत्येक गंधारावर उणे 573 लिहिलं. पंचमावरून खाली घसरत येणारी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं) मात्र आकड्यांनी जमेना. ती माउसने, आजीचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकत, हाताने काढली.

काल हेडफोन तिच्या कानाला लावला. ऐकता ऐकता ती पुढची ओळ गाऊ लागली. ती ओळ मी रेकॉर्ड केलेलीच नाही.