व्हिडिओ आहे ना, मग मुलाखती कशाला?

नाशकात मी कथक शिकवते, नृत्योपचाराची, म्हणजे नाचातून मनावर उपचार करण्याची, सत्रंही घेते. या कामात आयुष्य घातलेल्या ज्येष्ठ बायकांना गाठून मी त्यांच्या मुलाखती घेते, हे कळलं की बहुतेक जण विचारतात, "ताई, सत्रांचा व्हिडिओ करून ठेवला की झालं ना?"

तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. व्हिडिओत हालचाल दिसते, तिच्यामागचा विचार दिसत नाही.

गंगापूर रोडला एका बाईंच्या घरी त्यांच्याच सत्राचं जुनं चित्रीकरण आम्ही पाहत होतो. कोपऱ्यात बसलेला, कुणाशीच न बोलणारा एक मुलगा टाच आपटतोय. बाई त्याच्या लयीत तत्कार, म्हणजे कथकमधलं पायांचं काम, धरतात, पण तालाच्या दर फेऱ्याला, म्हणजे आवर्तनाला, समेवर, त्याच्या पहिल्या मात्रेवर, पाय उचललेलाच राहतो. मला वाटलं, दमल्या असतील. त्या म्हणाल्या, "अगं, सम त्याच्यासाठी मोकळी ठेवली होती." चार-पाच आवर्तनांनंतर त्याची टाच नेमकी तिथे पडली. मी शेजारी बसून विचारलं नसतं, तर ही गोष्ट त्यांच्याबरोबरच गेली असती.

अमेरिकेतल्या नृत्योपचारक मेरियन चेस 1942 पासून वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात असंच काम करत. रुग्णाची हालचाल आपल्या अंगात घ्यायची, हळूहळू सगळ्यांना वर्तुळात आणायचं. वरवर पाहणाऱ्याला ती नक्कल वाटेल. किती घ्यायचं आणि कुठे थांबायचं, हीच खरी विद्या. 1966 मध्ये अमेरिकेत या क्षेत्राची संघटना उभी राहिली, तिच्या त्या पहिल्या अध्यक्ष. 1970 मध्ये त्या गेल्या. सहकाऱ्यांनी त्यांचे लेख गोळा करून छापले, म्हणून आपल्याला त्या निदान वाचता तरी येतात.

आपल्याकडची पहिली पिढी तर अजून कामात आहे. नृत्योपचार करणाऱ्या त्रिपुरा कश्यप आहेत, कोलकात्यात 'संवेद' ही नृत्योपचाराची संस्था उभी करणाऱ्या सोहिनी चक्रवर्ती आहेत. गावोगावी नाव न झालेल्याही कितीतरी असतील. त्यांना आत्ताच विचारायला हवं, आणि त्या ज्या भाषेत रुग्णांशी बोलल्या त्याच भाषेत. "जरा सैल सोड गं" हे त्या कुठल्या क्षणी म्हणतात, ते मला मराठीतच हवं असतं.

रुग्णांची नावं, चेहरे मी कुठेही ठेवत नाही. मुलाखतीची प्रत आधी त्या बाईंना वाचायला देते. त्या नको म्हणतील ते काढते. तुमच्या ओळखीत विशेष मुलांच्या शाळेत किंवा वृद्धाश्रमात वर्षानुवर्षं असं काम केलेलं कुणी असेल, तर माझी गाठ घालून द्या. मी घरी येईन.