प्रश्न विचारल्यावर पाळक काय करतात ते बघा

नगरहून बदली होऊन सोलापुरात आलो तेव्हा मला वाटलेलं घर शोधायला वेळ लागेल, चर्चचं काय, पहिल्या रविवारीच मिळेल. घर आठ दिवसात मिळालं, जुळे सोलापुरात. चर्च मिळायला अकरा महिने गेले. आता ओळखीच्या दोघीजणी नव्याने इथे राहायला आल्यात आणि फोन करून विचारतात कुठली मंडळी (चर्च) चांगली, म्हणून आमचं काय झालं ते एकदा नीट लिहून ठेवते.

सुरुवातीला एका शेजारच्या ताईंनी आम्हाला एका हॉलमधल्या सभेला नेलं. गाणी सुंदर, माणसं इतकी प्रेमळ की सासूबाईंना हाताला धरून पुढे खुर्चीवर बसवलं, कोणीतरी पाणी आणून दिलं, आणि नवीन गावात आपलं कोणी नसताना असं कोणी केलं की डोळ्यात पाणी येतंच. आईंना पंधरा वर्षांपासून शुगर आहे, इन्सुलिन चालू. चौथ्या रविवारी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि त्यांना सांगितलं की आता बरं झालंय असं धरून चालायचं, सुई घेतली तर तो अविश्वास. आईंनी आम्हाला न सांगता इन्सुलिन बंद केलं. पाचव्या दिवशी शुगर साडेपाचशेच्या वर, उलट्या, आणि तीन दिवस आयसीयू.

आई घरी आल्यावर मी बायबल घेऊन तिथल्या पास्टरांना भेटायला गेले. भांडायला नाही, खरंच समजून घ्यायला. मी म्हणलं, प्रेषित पौल आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, त्याच्या पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो (१ तीमथ्य ५:२३), त्रफिम ह्या सोबत्याला तो मिलेतात आजारी सोडून आला (२ तीमथ्य ४:२०), त्याच्यासोबतचा लूक तर वैद्यच होता, मग ह्यांच्यात कोणाचा विश्वास कमी होता? उत्तर मिळालं की असे प्रश्न सैतान विचारायला लावतो, आणि अभिषिक्ताच्या, म्हणजे देवाने नेमलेल्या माणसाच्या, विरुद्ध बोलू नका. एवढंच. बायबल उघडलंसुद्धा नाही. आई कशा आहेत हे विचारलं नाही, ते मला अजून लागतं.

त्यानंतर दोन महिने आम्ही कुठेच गेलो नाही, घरीच वाचायचो. तेव्हा प्रेषितांची कृत्ये १७:११ माझ्यापुढे आलं. बिरुयातल्या लोकांनी पौलाचं सांगणं आनंदाने ऐकलं आणि मग रोज शास्त्र उघडून बघितलं की हा म्हणतो तसं खरंच आहे का, आणि त्यांना त्याबद्दल थोर मनाचे म्हटलंय! पौलासारख्याला तपासून बघणं चालतं तर आपल्या पाळकांना, म्हणजे पास्टरांना, का नाही. मग मी ठरवलं की इमारत, गाणी, गर्दी हे नंतर. आधी एक प्रश्न विचारायचा आणि काय होतं ते बघायचं.

जुनी मंडळी म्हणजे आपोआप विश्वासू असंही नाही हं. मी 'उपासना संगीत' ह्या आपल्या मराठी गीतपुस्तकातल्या ना. वा. टिळकांच्या गीतांवर वाढलेली, आमची आजी चुलीपुढे बसून म्हणायची, त्यामुळे माझा ओढा तिकडेच. पण बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, इफिसच्या मंडळीला काय सांगितलंय बघा, शिकवण चोख, खोट्या प्रेषितांना ओळखलंत, पण पहिली प्रीती सोडलीत. एका ठिकाणी आम्ही सहा रविवार गेलो, सगळं शिस्तीत, आणि सहा रविवारात कोणी नाव विचारलं नाही.

आता जिथे जातो तिथलं सांगते. चर्च छोटं आहे, उन्हाळ्यात पंख्याखाली जागा मिळाली तर नशीब, अर्धी माणसं घरी तेलुगू बोलणारी. पाळक एका रविवारी उपदेशात म्हणाले की देव आपल्याला सोसवेल तेवढंच दुःख देतो, १ करिंथ १०:१३. मला ते खटकलं. भक्तीनंतर जाऊन म्हणलं, पाळकसाहेब, तिथे तर मूर्तिपूजेच्या मोहात पडण्याबद्दल चाललंय ना, आणि करिंथकरांच्याच दुसऱ्या पत्रात १:८ मध्ये पौल स्वतः म्हणतो की आम्ही शक्तीपलीकडे दडपले गेलो, जगायची आशाच सोडली होती. ते दोन मिनिटं पान बघत राहिले. म्हणाले, "थांबा की ताई, मी घरी बसून बघतो." पुढच्या रविवारी उपदेशाआधी सगळ्यांसमोर म्हणाले की मागच्या वेळी मी हे वचन चुकीचं लावलं, एका बहिणीने दाखवून दिलं. आमचे हे माझ्याकडे बघत होते, मी खाली मान घालून रडत होते.

बाकीच्या गोष्टी मग हळूहळू दिसल्या. वार्षिक सभेत दानाचा हिशोब वाचून दाखवतात, कोणीही उभं राहून विचारू शकतं. वर्गणीच्या पैशाबाबत पौलाने स्वतःसोबत दुसरी माणसं ठेवली, देवापुढे आणि माणसांपुढेही स्वच्छ राहावं म्हणून (२ करिंथ ८:२०-२१), त्यामुळे हिशोब मागितला की जिथे तोंड वाकडं होतं तिथे मी तरी थांबणार नाही. पाळकांच्या वर वडील मंडळी, म्हणजे चर्चचे एल्डर, आहेत, एकट्याचा कारभार नाही. वधस्तंभ आणि पश्चात्ताप ह्यावर बोलतात, नुसतं आशीर्वाद मिळेल, घर होईल, गाडी होईल असं नाही. आणि आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसाआड येतं ते नेमकं रविवारी सकाळी आलं आणि आम्ही गेलो नाही, तर संध्याकाळी महिला मंडळातल्या दोघी आईंना बघायला घरी. त्यांनी पहिलं विचारलं, इन्सुलिन घेतलं का ओ?

उणं काहीच नाही असं नाही. संडे स्कूलला शिकवायला माणसं कमी आहेत, दोन घराण्यांचं जुनं भांडण आहे ते आम्हालाही कळलंय. पण त्याबद्दल पाळक दोघांच्या घरी जातात, प्रार्थनेच्या नावाखाली चर्चा करत बसत नाहीत.

नगरच्या मंडळीकडून सभासदत्वाचं पत्र मागवलं होतं, ते मंगळवारी आलं. येत्या रविवारी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) आहे, त्याआधी आमची नावं वाचणार आहेत. आईंनी पांढरी साडी काढून ठेवलीये.