चौथ्या क्रमांकाची ओळ

१३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार
पिट्सबर्ग

काल रात्री आमच्या पायरेट्स या बेसबॉल संघाच्या पॉल स्कीन्सला साय यंग पुरस्कार मिळाला. तीसपैकी तीस मतं पहिल्या पसंतीची. मी ओटा आवरत होते, लेक बाहेरच्या खोलीतून ओरडत आली आणि आम्ही दोघी ओल्या हातांनी तिथेच नाचलो. गेल्या वर्षी तो लीगमधला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला होता, यंदा सर्वोत्तम पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. तेवीस वर्षांचा आहे.

आज सकाळी सातला साताऱ्याहून आईचा फोन. तिकडे दिवेलागणीची वेळ. बेसबॉलमधलं तिला फार कळत नाही, पण स्कीन्स तिचा लाडका. तिचे दोन्ही भाऊ सैन्यात होते, आणि हा मुलगा आधी हवाई दलाच्या अकादमीत होता हे कळल्यापासून ती त्याला 'आपला मिशीवाला' म्हणते. मी बातमी सांगितली. ती खूश झाली, आणि मग म्हणाली, "अगं, पण तूच सांगत होतीस ना, हा दहा जिंकला नि दहा हरला? एवढं चांगलं टाकतो तर हरतो कसा?"

फोनवर मी काहीतरी थोडक्यात सांगितलं. दिवसभर ऑफिसात तोच प्रश्न डोक्यात होता, म्हणून आत्ता वही काढून बसलेय.

मी मॅच बघताना धावांचा हिशेब हाताने लिहिते. प्रत्येक बॅटरची एक आडवी ओळ, प्रत्येक इनिंगचा (मॅचमध्ये नऊ) एक उभा रकाना, प्रत्येक घरात छोटासा तिरपा चौकोन. खेळाडू फिरून घरच्या बेसवर आला, म्हणजे धाव झाली, की तो चौकोन पेन्सिलीने भरायचा. १८ मेचं पान उघडलं. रविवार, फिलाडेल्फियात. स्कीन्सने आठ इनिंग्ज एकट्याने टाकल्या, तीन हिट दिले, एक धाव दिली. आम्ही १-० हरलो. समोरच्या फिलीज संघाच्या पानावर एक चौकोन भरलेला आहे. आमच्या पानावर नऊच्या नऊ ओळी कोऱ्या. त्या दिवशी मी पेन्सिलीला टोक करून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

अख्ख्या मोसमाचा हिशेबही असाच. स्कीन्सने १८७ पेक्षा जास्त इनिंग्ज टाकल्या, २१६ जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं, आणि नऊ इनिंगमागे सरासरी दिली १.९७ धाव. याउलट पायरेट्सनी १६२ मॅचमध्ये ५८३ धावा काढल्या, तीस संघांत सगळ्यात कमी. होम रन, म्हणजे थेट भिंतीपलीकडे मारलेले चेंडू, ११७, तेही सगळ्यात कमी. ७१ विजय, ९१ पराभव. मेच्या सुरुवातीला १२-२६ अशी अवस्था असताना डेरेक शेल्टनला काढून डॉन केलीला मॅनेजर केलं. तो याच गावचा, आणि त्याच्या हाताखाली संघ ५९-६५ खेळला. सुधारणा आहेच. पण मॅनेजर बदलून बॅटमध्ये जोर येत नाही. आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. तो टाकतो, पण त्याच्यासाठी मारणारं कुणी नाही.

आणि वेळ थोडा आहे. २०२९ चा मोसम संपला की स्कीन्स मोकळा, कुठेही जाऊ शकतो. हातात चार मोसम. चार मोसम म्हणजे लेक आत्ता सहावीत आहे ती दहावीत पोचेल तोवर.

तर मला काय करावंसं वाटतं ते एकदा नीट लिहून काढते.

पहिली गोष्ट मैदानाची. पीएनसी पार्कला गेलं की सगळे क्लेमेंटे पुलाचं आणि नदीपलीकडच्या इमारतींचं कौतुक करतात, मीही करते, पण संघ बांधणाऱ्याने भिंतीकडे बघायला हवं. घरच्या बेसपासून उजवीकडे रेषेवरचं अंतर ३२० फूट. भिंत २१ फूट उंच आहे खरी, ती आमचा जुना थोर खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे याच्या २१ नंबरच्या मानाने, पण अंतर कमी आणि पलीकडे अ‍ॅलेगेनी नदी. डावीकडे मात्र मैदान आत आत पसरत जातं, मध्ये एक कोपरा तर ४१० फुटांचा. उजव्या हाताने खेळणारा जोरात मारतो आणि चेंडू त्या पोटात जाऊन कुणाच्या तरी ग्लव्हमध्ये पडतो. डावखुरा मारतो तो उजवीकडे जाऊन भिंतीवर आदळतो, नाहीतर पाण्यात. मैदान आपलं आहे, वर्षात ८१ मॅच तिथेच खेळायच्या आहेत. मग डावखुरे दणकट बॅटर गोळा करणं हे काही फार मोठं गुपित नाही. दोन हवेत. एक मधल्या फळीत चौथ्या क्रमांकाला, जिथे सगळ्यात जोरात मारणारा लागतो, एक त्याच्या मागे.

आपला ओनील क्रूझ डावखुराच आहे. २५ मेला त्याने नदीत धाडलेला चेंडू ताशी १२२.९ मैलांनी बॅटवरून सुटला. अशी मोजणी सुरू झाल्यापासून इतका जोरात चेंडू कुणीच मारलेला नाही. तरी मोसमअखेर त्याची सरासरी .२०० आणि होम रन २०. डावखुरा पिचर समोर आला की त्याची बॅट मुकी होते. मला त्याला विकायचं नाहीये. ३८ बेस चोरणारा, म्हणजे चेंडू मारला जाण्याआधीच पुढच्या बेसवर पळणारा, असा लांबलचक मुलगा रोज सापडत नाही. पण सगळी भिस्त त्याच्यावर टाकणं बंद करा. त्याला सहाव्या क्रमांकावर खेळू द्या. चौथ्या क्रमांकाचं ओझं दुसऱ्या कुणीतरी घ्यावं, म्हणजे तोही मोकळा होईल.

हा दुसरा कुणीतरी कोण? फिलीजचा काइल श्वार्बर या महिन्यात बाजारात आहे, यंदा ५६ होम रन. तो इथे येणार नाही हे मला माहीत आहे, त्याच्या दारात पैसेवाल्यांची रांग लागलेली असेल. पण जॉश नेलर आहे, रायन ओ'हर्न आहे. दोघेही डावखुरे. ओ'हर्न पहिल्या बेसवर खेळतो, आउटफिल्डमध्येही उभा राहतो, आणि यंदा पहिल्यांदाच निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार संघात आला. पहिल्या बेसवर आपला स्पेन्सर हॉरविट्झ आहे, मोसमाच्या उत्तरार्धात त्याने छान बॅटिंग केली, तेव्हा ओ'हर्नला उजव्या आउटफिल्डमध्ये किंवा नुसतं बॅटिंगला वापरता येईल. अशा खेळाडूसाठी घर विकावं लागत नाही.

इथे पैशाचा विषय निघतोच. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा पगारखर्च तीस कोटी डॉलरच्या वर, आमचा नऊ कोटींच्या आसपास. या खेळात पगारावर कमाल मर्यादा नाही, त्यामुळे ही दरी मालकांच्या मर्जीवर. डॉजर्सशी बरोबरी करा असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण पायरेट्सच्या इतिहासात मोकळ्या बाजारातल्या खेळाडूला दिलेला सगळ्यात मोठा करार कोणता, तर २०१४ च्या डिसेंबरमधला फ्रान्सिस्को लिरियानोचा. तीन वर्षं, ३ कोटी ९० लाख डॉलर. आणि लिरियानो तर आधीपासून आपल्याकडेच होता! अकरा वर्षं झाली त्याला. या अकरा वर्षांत गावात घरांचे, दुधाचे, तिकिटांचे भाव कुठल्या कुठे गेले, तो आकडा मात्र जागेवरच. यंदा स्टँडमध्ये 'संघ विका' अशा घोषणा उठत होत्या. मी घोषणा देत नाही, मला ओरडायला जमत नाही, पण त्या ऐकताना घशात काहीतरी दाटून यायचं.

कमी पैशात संघ उभा राहत नाही असं नाही. मी इथेच पाहिलाय उभा राहताना. मी शिकायला या गावात आले ऑगस्ट २००८ मध्ये. नोव्हेंबरात बातमी आली की पायरेट्सनी उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, करारबद्ध केले. टीव्हीवरच्या एका स्पर्धेतून निवडलेली मुलं, आयुष्यात कधी बेसबॉल हातात धरला नव्हता. मुख्य संघापर्यंत दोघांपैकी कुणीच पोचलं नाही, पण त्या बातमीमुळे मी पुढच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा पीएनसी पार्कमध्ये पाय ठेवला, आणि तिथलीच झाले. संघ तेव्हा सतत हरायचा. १९९३ ते २०१२, सलग वीस मोसम विजयांपेक्षा पराभव जास्त.

मग २०१२ च्या हिवाळ्यात त्यांनी रसेल मार्टिन नावाचा कॅचर, म्हणजे पिचरचा चेंडू झेलणारा, आणला. दोन वर्षांचे १ कोटी ७० लाख डॉलर. फार मोठा गाजावाजा झाला नाही. पण तो चेंडू असा शांत, स्थिर हातांनी झेलायचा की काठावरचे चेंडूही पंचांना स्ट्राइक, म्हणजे नीट टाकलेले, वाटायचे, आणि सगळे पिचर एकदम चांगले दिसायला लागले. १ ऑक्टोबर २०१३ ला रेड्स संघाविरुद्ध बादफेरीची मॅच. चाळीस हजार माणसं काळे कपडे घालून आलेली, मी मैत्रिणीचं काळं जाकीट मागून नेलं होतं. त्यांचा जॉनी क्वेटो पिचिंगला उभा. सगळं स्टेडियम एका सुरात, लांबवून, 'क्वेऽऽटो, क्वेऽऽटो'. त्याच्या हातातून चेंडू निसटला. मातीत पडला. आवाज असा उठला की मला पायाखालचं काँक्रीट हलल्यासारखं वाटलं. त्याने चेंडू उचलला, पुढचा टाकला, आणि मार्टिनने तो स्टँडमध्ये भिरकावला. शेजारच्या अनोळखी आजींनी मला मिठी मारली. त्या रडत होत्या. वीस वर्षं थांबले गं, म्हणाल्या.

इंग्रजीतच म्हणाल्या, पण माझ्या आठवणीत ते असंच आहे.

एका नेमक्या माणसाने एवढा फरक पडतो. म्हणून मला यादी मोठी नकोय, नेमकी हवीय.

दुसरा मार्ग अदलाबदलीचा. पिचर आपल्याकडे भरपूर आहेत. स्कीन्स आहे, ऑगस्टमध्ये आलेला बबा चँडलर ताशी शंभर मैलांनी टाकतो, मिच केलर भरवशाचा, कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर जॅरेड जोन्स परतेल, बाकी तरुण मुलं वेगळीच. ज्याच्या घरात धान्य जास्त आणि तेल नाही, त्याने काय करावं? माझं मत, स्कीन्स आणि चँडलर सोडून एक तरुण पिचर द्यावा आणि तीन-चार वर्षं हाताशी राहील असा बॅटर घ्यावा.

हे मी ऑफिसात बोलले तेव्हा पलीकडच्या टेबलावरचे सहकारी, जन्मापासून इथलेच, चटकन म्हणाले, "आर्चर विसरलीस?" कसं विसरेन. ३१ जुलै २०१८. क्रिस आर्चरसाठी टायलर ग्लासनाउ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तिघे रेज संघाला दिले. ग्लासनाउ आणि मेडोज तिकडे जाऊन चमकले, आणि आर्चरचं इथे काही जमलं नाही. त्यांचा मुद्दा बरोबर आहे, दुपारभर मी त्यावर विचार केला. पण त्या व्यवहारातली चूक तरुण पिचर दिला ही नव्हती. चूक ही होती की आपल्याकडे काय आहे हे आपल्यालाच कळलं नव्हतं, आणि एकासाठी तीन मोजले, तेही पिचरच्या बदल्यात पिचर. यावेळी एक द्या, आणि बॅट आणा. केलरलाही विकू नका. त्याचा पगार वाचवून तो बॅटरवर खर्च होणार असेल तर गोष्ट वेगळी, पण वाचलेला पैसा पुन्हा मैदानावर उतरतो असा अनुभव आम्हाला नाही.

जुलैत आपला पिचर डेव्हिड बेडनार यँकीज संघाकडे धाडला तेव्हाही हेच वाटलं. शेजारच्या मार्स गावचा मुलगा, नवव्या इनिंगला तो धावत आला की आम्ही उभे राहायचो. बदल्यात आलेल्यांमध्ये दोन तरुण कॅचर. कदाचित उद्या त्यांचं सोनं होईल. मला अजून त्या व्यवहाराबद्दल निवांतपणे लिहिता येत नाही.

अँड्र्यू मॅककचनबद्दल लिहायचं टाळत होते. एकोणचाळीस वर्षांचा झाला. जूनमध्ये पायरेट म्हणून २४१ वा होम रन मारून त्याने क्लेमेंटेला मागे टाकलं, तेव्हा मी मैदानात होते, आणि लेकीला उचलून घेण्याचं माझं वय राहिलेलं नाही तरी उचललं. त्याचा करार संपलाय. त्याला परत आणा असं मन म्हणतं, आणि त्याला रोज खेळवू नका असंही मला कळतं. डावखुऱ्या पिचरसमोर खेळवा, ड्रेसिंग रूममध्ये तरुण मुलांच्या शेजारी बसवा. पण चौथ्या क्रमांकाला तो हे उत्तर आता नाही.

आणि ग्रिफिन. ऑगस्टच्या शेवटी आम्ही दोघी गाडीने आल्टूनाला गेलो, दोन तासांवर, आपला दुय्यम संघ तिथे खेळतो. उजव्या भिंतीमागे जत्रेतल्यासारखा जुना रोलर कोस्टर. कॉनर ग्रिफिन सरावाला आला. एकोणीस वर्षांचा, उंच, शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा. लेक जाळीला नाक लावून उभी. त्याने डावीकडचा खोल चेंडू पळत जाऊन उचलला आणि पाय न रोवता पहिल्या बेसला असा फेकला की ग्लव्हचा आवाज आमच्यापर्यंत आला. लेक म्हणाली, "आई, हा कधी येणार आपल्याकडे?" यंदा खालच्या स्तरांवर मिळून .३३३ सरासरी, २१ होम रन, ६५ चोरलेले बेस. याच्या बदल्यात कुणी कितीही मोठं नाव देऊ केलं तरी देऊ नका. आणि तयार झाला की लगेच बोलवा. तो मोकळा होण्याचं वर्ष पुढे ढकलण्यासाठी खाली ठेवू नका. स्कीन्स आणि हा, दोघं एकत्र फारतर चार मोसम मिळणार आहेत.

दहा वाजून गेले. लेक झोपली. नव्या वर्षासाठी आणलेल्या कोऱ्या वहीचं पहिलं पान उघडलं आणि मार्चअखेरच्या पहिल्या मॅचची बॅटिंगची ओळ पेन्सिलीने लिहून पाहिली. हॉरविट्झ पहिला. रेनल्ड्स दुसरा, ग्रिफिन तिसरा, लेकीचा हट्ट आहे तो. क्रूझ सहावा. पिचर स्कीन्स.

चौथ्या ओळीवर पेन्सिल टेकवली आणि तशीच ठेवली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सगळे क्लब खेळाडूंच्या सौद्यांसाठी ऑर्लँडोला जमतील. तोवर ती ओळ कोरी. उद्या आईला फोन करून सांगायचंय की मिशीवाल्याचं बक्षीस टीव्हीवर पुन्हा दाखवतायत.